भुर्जी नव्हे, बुर्जी

रत्नागिरी
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय आप्पामामा,

आधी बातमी, मग बाकी सगळं. मी बरोबरी केली!

फोन करणार होते, पण तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आणि चांगल्या बातमीची मजा जाते. शिवाय बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटलेल्या पोस्टमनला स्वतःचं एक पत्र यायला हवंच.

तर, कुणाशी बरोबरी ते ऐका. कऱ्हाडचा गौरव म्हणून एक खेळाडू आहे. वय सव्वीस, मानांकनाचे गुण दोन हजार त्रेचाळीस. माझी ही पहिलीच स्पर्धा, त्यामुळे मला मानांकनच नाही. पहिल्या फेरीत यादीतले वरचे खेळाडू आमच्यासारख्या खालच्यांशी लावतात, वरच्यांना नाश्ता मिळावा म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अर्ध्या तासात मोकळ्या व्हाल, जेवायला घरी जाता येईल." मी साडेतीन तासांनी उठले.

त्याची एसटी पालीजवळ रस्त्याच्या कामात अडकली होती. वीस मिनिटं उशिरा आला, पाठीवरची सॅकसुद्धा न काढता बसला आणि भराभर खेळायला लागला. मी तुम्ही सांगता तशी, हातावर हात ठेवून, सावकाश. अठराव्या चालीला माझ्या घोड्याने राजाला शह दिला आणि पाठोपाठ हत्ती मारला. तेव्हा त्याने सॅक काढली.

पुढे असलं की मोहरे उडवत जायचं, हे तुमचंच. उडवत गेले. शेवटी माझा राजा आणि हत्ती, त्याचा राजा आणि एक प्यादं. ते प्यादं माझ्या हत्तीच्या तोंडाशी उघडं पडलं होतं. पण मारलं असतं तर त्याचा राजा एकटा उरला असता, म्हणजे बुर्जी, आणि बुर्जी म्हणजे बरोबरी. पाच वर्षांची असल्यापासून तुम्ही शिकवलंय, समोरच्याकडे एक तरी मोहरा ठेवायचा आणि मग मात करायची. मी प्यादं सोडलं आणि राजाच्या मागे लागले. तो अकरा मिनिटं पटाकडे बघत बसला. मी घड्याळात मोजलं.

पुढे त्याचा राजा प्याद्याजवळ पोचला, प्यादं पळत सुटलं, आणि वजीर व्हायच्या आत मला त्याच्यावर हत्ती द्यावा लागला. दोन राजे उरले. त्याने हात पुढे केला.

जिंकता आलं असतं का, असेल. पण पहिल्याच डावात बरोबरी! चौऱ्याऐंशी साली तुम्ही खात्याच्या स्पर्धेत कोल्हापूरच्या विजेत्याशी बरोबरी केलीत, आता ही माझी. घरात दोन झाल्या. आई म्हणते, "मामा-भाची सारखीच. जिंकत कोणीच नाय."

तुमची
भाविका

---

मालगुंड
१७ फेब्रुवारी २०२५

चि. भाविकास आप्पामामाचा भरघोस आशीर्वाद.

पत्र शनिवारी पोचलं. पस्तीस किलोमीटरला पाच दिवस. मी सायकलवर असतो तर दुसऱ्या दिवशी दारात टाकलं असतं.

तुझा सगळा डाव डोळ्यांसमोर आला. सॅक काढली हे तर मी दोनदा वाचलं. माणसाने सॅक काढली म्हणजे तू त्याला बसवलंस.

पत्र खिशात घालून वाचनालयात गेलो, तिथे आमच्या कार्यवाहाने, विनोदने, ते माझ्या हातातून घेऊन मोठ्याने वाचलं. आता त्याच्या डोक्यात आलंय की सुट्टी लागली की मुलांना मी दर रविवारी बुद्धिबळ शिकवायचं. वीस एप्रिलला सुरुवात. बॅनरचा मजकूरही तयार: "कोल्हापूरच्या विजेत्याशी बरोबरी करणारे आपले आप्पा." मी म्हटलं, ती ओळ गाळ. तर म्हणतो, "आप्पा, तेवढंच तर लिहिण्यासारखं आहे. बाकी काय लिहू, पत्रं वाटली?"

मी अजून हो म्हटलेलं नाही.

तुझ्या डावाच्या कागदाची नक्कल पाठव. प्याद्यापाशी काय झालं ते मला पटावर मांडून बघायचंय. प्यादं राखलंस ते वाचलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

तुझ्या आईला, मथुराला सांग, यंदा कोकमं चांगली धरतील असं वाटतंय.

आप्पामामा

---

रत्नागिरी
३ मार्च २०२५

प्रिय आप्पामामा,

कागदाची नक्कल सोबत आहे. अक्षर वाईट आहे कारण शेवटच्या वीस चाली मी घाईत लिहिल्यात.

"त्यावर आत्ता काही लिहीत नाही" हे वाक्य मी ओळखलं बरं का. रागावलात. हातातला डाव घालवला म्हणून. मीही मांडून बघितला. मला वाटतं, हत्तीने शह देत बसण्याऐवजी मी राजा आधी मधे आणायला हवा होता, म्हणजे प्यादं जिवंत ठेवून मात झाली असती. शिमग्याला येते तेव्हा पटावर दाखवा मला, नक्की कुठे चुकलं ते. बोलणी खाईन.

आणि वर्गाला हो म्हणा. हे काय, मी विचारत नाही, सांगतेय. स्टँडवरच्या आमच्या नियंत्रण कक्षात सगळ्यांना मी सांगून टाकलंय की माझे मामा मालगुंडात वर्ग काढतायत. दिवसभर माइकवर मी लोकांना कुठली गाडी कुठे लागलीये ते सांगते, माझं बोलणं मागे घेता येत नाही.

बॅनरवरची ओळ राहू दे. मी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढणार.

तुमची
भाविका

---

मालगुंड
१९ मार्च २०२५

चि. भाविका,

आशीर्वाद.

पालखीला आलीस, बरं वाटलं. पट वाचनालयात अडकला म्हणून आपला डाव राहिला. तुझंही डोकं दुखत होतं म्हणालीस. तुझं डोकं दुखलेलं मी याआधी पाहिलेलं नाही. निघताना दारात थांबलीस, चप्पल घातलीस, परत काढलीस, आणि "काही नाही" म्हणून गेलीस. काय राहिलं?

मी विनोदला हो म्हटलं. तू माइकवर सांगून टाकल्यावर दुसरं काय करणार. चौदा नावं आली आहेत. त्यांत चौथीतली राही म्हणून एक आहे, ती आत्तापासून दारात येऊन उभी राहते. परवा म्हणते, "आप्पाआजोबा, किल्लेकोट करताना आधी राजा हलवायचा का हत्ती?" मी म्हटलं राजा. तर म्हणे, "आमचे आजोबा म्हणतात किल्लेकोट असतोच नाही." तिच्या आजोबांना मी ओळखतो. जुन्या देशी पद्धतीने खेळणारा माणूस.

जूनमध्ये शाळांच्या स्पर्धा आहेत. विनोदला यातली चार-पाच पोरं तिथे उतरवायची आहेत.

लिही काय ते.

आप्पामामा

---

रत्नागिरी
२६ मार्च २०२५

प्रिय आप्पामामा,

लिहिते. दारात जमलं नाही.

आठ मार्चला दुपारी मी कऱ्हाड गाडीची घोषणा केली आणि दोन मिनिटांत खिडकीशी तो गौरव उभा. म्हणाला, "मॅडम, आवाज ओळखीचा वाटला. डाव संपताना तुम्ही 'बरोबरी' म्हणालात ना, तोच." मग म्हणाला, "एक विचारू? महिनाभर मी तोच डाव मांडतोय. ते प्यादं का नाही मारलंत?"

मी ऐटीत सांगितलं, "बुर्जी झाली असती."

"भुर्जी?"

"बुर्जी."

"अंड्याची?"

मी त्याला नीट समजावलं. राजा एकटा पडला की बुर्जी, बुर्जी म्हणजे बरोबरी. आप्पामामा, तो हसला नाही. खांद्यावरची सॅक खाली ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, असा नियमच नाहीये. ते प्यादं घेतलं असतं तर राजा आणि हत्ती विरुद्ध एकटा राजा. मी पुढच्या चालीला डाव सोडणार होतो. तुम्ही घेतलं नाहीत तेव्हा मला वाटलं यात काहीतरी भयंकर खोल आहे. अकरा मिनिटं शोधत होतो. बुर्जी सापडली नाही." मग गाडी सुटायची वेळ झाली म्हणून पळाला. मी नंतर नियमांचं पुस्तक आणून वाचलं. त्याचं बरोबर आहे.

म्हणजे डाव मी जिंकलेलाच होता.

हे लिहायला इतके दिवस लागले ते तुमच्यासाठी, माझ्यासाठी नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. पण आता चौदा मुलं येणार, जूनमध्ये बाहेर खेळायला जाणार. तुम्ही त्यांना बुर्जी शिकवलीत तर तीही माझ्यासारखी शेवटचं प्यादं सांभाळत बसतील. म्हणून सांगितलं. मी रागावलेली नाही, अगदी खरं. घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललेला नियम, तुम्हाला तरी काय माहीत.

फक्त एक कळत नाही. किल्लेकोट आपल्या देशी खेळातला नाही, बाहेरच्या स्पर्धांतला, तो तुम्ही मला शिकवलात. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं, तेही बाहेरचं, शिकवलंत. मग एवढं एकच कसं राहिलं?

तुमची
भाविका

---

मालगुंड
३ एप्रिल २०२५

चि. भाविका,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता आहे तसंच टाकतो.

राहिलं नाही. मी ठेवलं.

पट वाचनालयात नव्हता. माझ्या खाटेखाली होता. तू प्यादं राखल्याचं पहिल्या पत्रात लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं काय झालं ते. बुर्जी बाहेर चालत नाही हे मला एक्केचाळीस वर्षं ठाऊक आहे.

चौऱ्याऐंशी साली मी कोल्हापूरला त्या विजेत्यापुढे बसलो. गुरुप्रसाद नाव होतं, खात्याच्या तार विभागात होता. तासाभरात त्याने माझं सगळं खाल्लं. माझा राजा एकटा, त्याच्याकडे वजीर. मी म्हटलं "बुर्जी" आणि हात पुढे केला. त्याने हात मिळवला. मला वाटलं बरोबरी. त्याने कागदावर स्वतःपुढे एक लिहिला आणि माझ्यापुढे शून्य. पंचांकडे गेलो तर त्यांनी छापील नियम काढून दाखवला, अगदी सौम्यपणे. कोणी हसलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मालगुंडात उतरलो तर बाबा नाक्यावर उभे. तुझे महिपत आजोबा. मला हा खेळ त्यांनीच शिकवलेला. समोरच्याचं सगळं काढून घेतलं तर जिंकण्यात शोभा नाही, म्हणून बुर्जी, असं ते सांगायचे. त्यांनी विचारलं, "काय झाला?" मी म्हटलं, "बरोबरी." बाबांच्या नियमाने ते खरंच होतं. त्या संध्याकाळी त्यांनी वाडीभर गूळ-खोबरं वाटलं.

त्यानंतर बुर्जी नाही असं मी कोणाला कसं सांगणार? ते सांगितलं की पुढचं सांगावं लागलं असतं. बाबा गेले तोवर उशीर झाला होता, आणि मग तू पटावर येऊन बसलीस. किल्लेकोट शिकवला, कारण त्यात मी हरलो नव्हतो.

म्हणजे माझी बरोबरी खोटी, आणि तिच्यापायी तुझा जिंकलेला डाव गेला. तू रागावली नाहीस हे वाचून जास्त लाज वाटली. तू माहिती नसलेल्या माणसाला माफ केलंस. मला माहिती होती.

वर्ग होणार नाही. विनोदला कानाचं कारण सांगितलं. ज्याने असं केलं त्याने पोरांपुढे बसू नये.

आप्पामामा

---

रत्नागिरी
८ एप्रिल २०२५
(स्पीडपोस्टने)

आप्पामामा,

राग आला. चांगलाच आला. सोमवारी मी देवरुखच्या गाडीला चिपळूण म्हटलं आणि अर्धी माणसं चढून बसली. आमच्या कक्षातल्या बाळा शिपायाने धावत जाऊन त्यांना उतरवलं.

मग आईला सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून पाणी आणून ठेवलं होतं. ती मासे साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, "माका तेव्हाच कळलेला. बरोबरी करून आलेलो माणूस तीन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपतो काय?" मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणते, "बाबा गूळ वाटत होते. त्यांच्या हातातलं ताट मी खाली पाडू?"

तेव्हा एक समजा. हे गुपित तुम्ही एकट्याने सांभाळलेलं नाही.

आता माझ्या डावाचं. अर्धा गुण गेला, गेला. मे महिन्यात चिपळूणला स्पर्धा आहे, मी नाव घातलंय. तिथे मी काय काय खाते ते गौरवलाही कळेल, तोही येतोय. माझं मी बघते.

पण चौदा मुलांचं कोण बघणार? तुम्ही नाही शिकवलंत तर ती त्यांच्या आजोबांकडे शिकतील. राहीचे आजोबा तर किल्लेकोटसुद्धा मानत नाहीत. सगळी बुर्जी डोक्यात घेऊन जूनमध्ये बाहेर जातील आणि तुमच्यासारखा हात पुढे करतील. ही चूक केवढ्याला पडते ते अख्ख्या मालगुंडात एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो कानाचं कारण सांगून घरी बसलाय.

मी विनोदला फोन केला. कान बरा झाला असं सांगितलं.

वीस तारखेला मी येऊ शकत नाही. हंगामाच्या जादा गाड्या आहेत, रजा नाही. बरंच झालं. मी बाजूला असले की तुम्ही माझ्याकडे बघून बोलाल. मुलांकडे बघून सांगा. नियम सांगा आणि तो तुम्हाला कसा कळला तेही सांगा. नुसता नियम कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझ्याकडे माफीबिफी मागत बसू नका. वर्ग घ्या.

भाविका

---

मालगुंड
२१ एप्रिल २०२५

चि. भाविका,

आशीर्वाद, आणि तुझी ऑर्डर पाळल्याचा हा अहवाल.

काल चौदाची सतरा आली. मागे खुर्च्यांवर आईबाप, दोन-तीन आजोबा. राहीचे आजोबा पहिल्या खुर्चीत, काठी गुडघ्यांमधे धरून. भिंतीवर बॅनर, त्या ओळीसकट. विनोदने माझी ओळख करून देताना ती मोठ्याने वाचली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं.

उठलो, पण पटाकडे गेलो. नियमांपासून सुरुवात केलीच नाही. तुझ्या डावाचा शेवट मांडला. पांढरा राजा, पांढरा हत्ती. काळा राजा, काळं प्यादं. म्हटलं, "पांढऱ्याची चाल. काय खेळाल?"

सतरा तोंडांतून एकदम आलं, "प्यादं मारा!"

अर्धा सेकंदसुद्धा लागला नाही गो त्यांना.

राहीच्या आजोबांनी काठी आपटली. "मारा काय? बुर्जी होते ना!" मी म्हटलं, "दादा, होत नाही. बाहेर बुर्जी नाही." ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?" आणि मग सांगितलं. कोल्हापूर, गुरुप्रसाद, हात पुढे केला तो, कागदावरचा एक आणि शून्य, नाक्यावर उभे असलेले बाबा, गूळ-खोबरं. पटावर मांडलेला डाव तुझा आहे हेही, आणि तो का गेला तेही. मुलांकडे बघून सांगितलं. त्यांचे डोळे सोपे असतात. विनोद स्टुलावर चढून बॅनरची ती ओळ वर्तमानपत्राने झाकायला लागला. मी म्हटलं, राहू दे रे, आता सगळ्यांना माहीतच आहे.

दादा उठून पटापाशी आले. मग म्हणाले, "म्हणजे मी आयुष्यात किती डाव उगाच सोडले?" पहिलं हसू तिथे फुटलं.

हसणं थांबल्यावर राही उठली. माझ्या यंत्राच्या बाजूला येऊन, मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने विचारलं, "मग आप्पाआजोबा, इतकी वर्षं तुम्ही सांगितलंत का नाही?"

मी म्हटलं, "लाज वाटत होती."

"आत्ता वाटतेय?"

खरं बोलायचं ठरवलंच होतं, म्हणून थांबून नीट तपासून पाहिलं.

"नाही."

"मग बसा ना," ती म्हणाली. तोवर तिने समोरची खुर्ची ओढलीही होती. "काळी माझी."

आप्पामामा